पोड, तांडा, बेडा आणि वर्ग : समावेशक शिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेडकडे वळले की बंजाऱ्यांचे तांडे लागतात. नेर-यवतमाळच्या बाजूला फासेपारध्यांचे बेडे आहेत. याखेरीज गोंड, परधान, आंध, कुणबी, बौद्ध, मुस्लिम वस्त्या, आणि पैनगंगा ओलांडली की तेलुगू मुलूख. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती आणि दर शंभर माणसांत अठरा-एकोणीस जण अनुसूचित जमातींचे होते. या सगळ्या वस्त्यांतली मुले पहिलीत येतात तेव्हा त्यांच्या हातात एकच पाठ्यपुस्तक पडते, एकच वेळापत्रक आणि एकच सुट्ट्यांची यादी. सगळ्यांना एकच पुस्तक मिळावे यासाठी मोठा संघर्ष झाला आहे आणि त्या संघर्षाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ते पुस्तक हातात आल्यावर पुढे काय घडते, हा ज्या विद्याशाखेचा प्रश्न आहे तिच्यात मी वाचकाचे स्वागत करतो आहे.

हे लेखन डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी आहे, केंद्रप्रमुखांसाठी आहे, समाजकार्याच्या आणि शिक्षणशास्त्राच्या संशोधकांसाठी आहे. यांतल्या कोणालाही आपण या क्षेत्राच्या बाहेरचे आहोत असे वाटू नये. उलट, ज्यांच्याकडे रोजचा वर्ग आहे त्यांच्याकडे या अभ्यासाची सर्वांत मौल्यवान सामग्री आहे.

या विचाराची मुळे दूरची नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात त्यांनी सरळ हिशेब मांडला होता : सरकारचा महसूल कुणब्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्यांनी वयाच्या बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले जे. पी. नाईक यांनी १९७५ साली समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींच्या ताणातून भारतीय शिक्षणाकडे पाहिले. एक कोपरा धरला की दुसरा सुटतो, हे त्यांनी दाखवले. जगाच्या पातळीवर १९९४च्या सालामांका परिषदेने अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळांऐवजी सर्वांची एक शाळा हे सूत्र मांडले, आणि हळूहळू ‘समावेश’ या कल्पनेत भाषा, जात, जमात, स्थलांतर, लिंगभाव हे सगळे येत गेले. आपल्याकडे २००९चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६चा दिव्यांग हक्क कायदा हे त्याचे कायदेशीर रूप.

कायद्याने दार उघडले. प्रवेशाची नोंद झाली, पोषण आहार आला, गणवेश आला. दाराच्या आत गेलेल्या मुलाला शाळा ओळखते का, हा प्रश्न अजून उभा आहे, आणि माझ्या मते आपल्या अभ्यासाचा गाभा तोच आहे. हजेरीपटावर नाव असलेले, रोज येणारे, शेवटच्या रांगेत न बोलता बसणारे आणि चौथीनंतर गळून जाणारे मूल कोणत्याही आकड्यात सापडत नाही. ते सापडते भाषेत, हंगामात, आणि घरी मिळवलेल्या ज्ञानात. म्हणून या प्रस्तावनेत मी या तीन गोष्टींवर थांबणार आहे.

आधी भाषा. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, तिची दखल घेतली गेली. मरे एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीवर केलेला अभ्यास १९५५ साली ग्रंथरूपाने आला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५० साली, सेतुमाधवराव पगडींनी कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. पगडी मराठी वाचकाला शिवकालाचे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. आदिलाबादमध्ये अधिकारी असताना त्यांनी गोंड आणि कोलाम वस्त्यांत बसून त्यांची भाषा शिकून घेतली, हे फारसे सांगितले जात नाही. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्यांच्या या कामाला जागा मिळायला हवी. भाषाशास्त्रज्ञ आणि प्राथमिक शिक्षक यांच्यात जी दरी पडली आहे ती बुजवायला दुसरा इतका जवळचा, आपल्या भाषेतला माणूस नाही.

ही दरी वर्गात कशी दिसते ते एका उदाहरणात पाहू. कोलामीत नामांचे दोन वर्ग आहेत : पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, जनावरे, झाडे, वस्तू सगळ्या दुसऱ्या बाजूला. मराठीत तीन लिंगे. पोडावरचा मुलगा दुसरीत ‘माझी बहीण आलं’ असे लिहितो. वहीत लाल रेघ पडते. पाच ओळींत तशाच चार-पाच रेघा पडल्या की तो लिहायचे थांबतो. आणि त्याने केले काय? स्वतःच्या भाषेचा नियम, जो तिथे बिनचूक आहे, तो मराठीला लावून पाहिला. नियम शोधणारे डोके त्या वहीत काम करते आहे. हे ज्या बाईंना माहीत असेल त्या लाल रेघ ओढण्याआधी महिनाभर लिंगभेदाचे तोंडी खेळ घेतील : आला-आली-आलं, बसला-बसली-बसलं, वर्गातल्या माणसांवर, कोंबड्यांवर, बैलांवर. तेच महाप्राणांचे. कोलामीच्या मूळ शब्दांत ख, घ, भ असे ध्वनी नाहीत, म्हणून भाताचा ‘बात’ होतो. ऐकण्याचा सराव आधी आणि शुद्धलेखन नंतर, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ काही बदलते.

कोलामी मूल काही गोष्टी आयत्या घेऊनही येते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद हिंदीत नाही, कोलामीत आहे. हा भेद मराठीला द्राविडी शेजारातूनच मिळाला असावा असे अभ्यासक मानतात. नागपूरहून बदलून आलेल्या हिंदीभाषक मुलाला जो भेद शिकवावा लागेल तो पोडावरच्या मुलीला उपजत कळतो. मराठीच्या शिक्षकाने याची नोंद घेतली तर वर्गात कोणाला काय येते याची यादीच उलटी होते.

गोरमाटी आणि पारधी यांची गोष्ट वेगळी. गोरमाटी राजस्थानीच्या जवळची, पारधी भिली-गुजरातीच्या जवळची. दोन्ही मराठीच्याच आर्य कुळातल्या. त्यामुळे तांड्यावरच्या मुलाच्या कानी मराठी लवकर बसते, आणि तिथेच फसगत होते. मूल समजल्यासारखे मान हलवते, शिक्षकाला वाटते समजले. खुद्द वऱ्हाडी बोलणाऱ्या मराठी मुलाचेही थोड्याफार फरकाने तेच. घरी ‘काहून’ म्हणणाऱ्याला पुस्तकातले ‘का’ परके नसते, पण घरचे बोलणे अशुद्ध ठरते तेव्हा तोही गप्प होतो. २०१३ साली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत निघाला. शाळेच्या कपाटात तो एक असावा आणि शिक्षण परिषदेत त्यातली आपल्या केंद्रातली भाषा काढून वाचली जावी, अशी माझी फार इच्छा आहे.

मातृभाषेतून सुरुवात ही कल्पना आपल्याकडे कागदावर जुनी आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल बोलतो. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे सांगते. प्रत्यक्ष प्रयोग मात्र पैनगंगेच्या पलीकडे झाले. गोंडांचा बंडखोर नेता कोमराम भीम १९४०मध्ये मारला गेला आणि त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांमध्ये पाठवले. १९४३ साली मारलावाई या गावी गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके तिथे तयार झाली, आणि ती देवनागरीत छापली गेली. गोंड मुलाला गोंड गुरुजी गोंडीत वाचायला शिकवतो, ही गोष्ट स्वातंत्र्याआधी आपल्या सीमेपासून थोड्या अंतरावर घडत होती. राज्ये बदलली, राज्यभाषा बदलल्या, तो प्रयोग मावळला. २००३-०४च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ भाषांत बहुभाषिक शिक्षण हाती घेतले. त्यांत गोंडी, बंजारा आणि कोलामी या तिन्ही होत्या, लिपी तेलुगू. म्हणजे नदीच्या त्या काठावर कोलामीत छापलेली पाठ्यपुस्तके झाली. तीच जमात, तीच भाषा, सोयरीकही दोन्ही काठांना. त्या पुस्तकांचे काय झाले, शिक्षकांना काय जड गेले, पालकांनी ती स्वीकारली की ‘आमच्या मुलांना खालच्या दर्जाचे शिकवता’ म्हणून नाकारली, याचा तुलनात्मक अभ्यास करायला यवतमाळइतकी योग्य जागा नाही. पालकांचा तो संशय खोटा नसतो. मातृभाषेच्या बाजूने लिहिणाऱ्या आपण सर्वांनी त्याला उत्तर द्यायचे आहे, आणि ते उत्तर मुलाच्या चांगल्या मराठीत आणि पुढे चांगल्या इंग्रजीत दिसले पाहिजे.

आता हंगाम. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सीतादहीची पूजा होते, वेचणी सुरू होते, आणि वर्ग पातळ होऊ लागतो. हे दर वर्षी होते, ठरलेल्या महिन्यांत होते. तरीही शाळेच्या नियोजनात ते अनपेक्षित म्हणून नोंदले जाते. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर काटा टांगलेला असतो. वेचणी किलोवर. आईचे गाठोडे काट्याला लागते, चौथीतली मुलगी आकडा वाचते, सकाळच्या गाठोड्याचा आकडा त्यात मिळवते, दराने गुणते, आणि मागच्या आठवड्यात घेतलेली उचल वजा करून किती यायला हवेत ते आईच्या कानात सांगते. दशांश अपूर्णांक आहेत, गुणाकार आहे, वजाबाकी आहे, आणि चूक झाली तर घरचे तेल-मीठ अडते. दुसऱ्या दिवशी हीच मुलगी शाळेत आली आणि फळ्यावर दशांशाचे उदाहरण पाहून गोंधळली, तर कमतरता तिच्या डोक्यात शोधायची की फळ्यावरच्या उदाहरणात? मुलांनी वेचणीला जावे असे मी म्हणत नाही. बालमजुरीला कोणतेही शैक्षणिक नाव देऊ नये. पण ती तिथून जे घेऊन आली ते वर्गात परके ठरू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हे ओळखले होते. गुरे वळणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी गुरे चरतात तिथे शाळा नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मराठी शिक्षणाच्या इतिहासात नवोपक्रम म्हणून काही दाखवायचे झाले तर मी आधी कुरणशाळा दाखवीन. वेळ आणि जागा या दोन गोष्टी मुलाच्या जगण्याशी जुळवून घेतल्या, शिकण्याची अपेक्षा जराही खाली आणली नाही.

आज आपल्याकडे हंगामाशी झुंजणारी काही साधने आहेत. पुसद-महागावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, जिथे जाल तिथे शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड, शाळाबाह्य मुलांचा माग काढणारे बालरक्षक शिक्षक. यांच्यावर अहवाल पुष्कळ निघतात. अभ्यास कमी होतो. हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल आणि आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल यांच्या वाचनात तीन वर्षांनी काय फरक पडला? आजीजवळ ठेवलेल्या मुलीवर घरकामाचा भार किती वाढला? या प्रश्नांना कोणी धीराने भिडले तर धोरण आखणाऱ्यांना त्याचा आधार होईल.

बेड्यावरच्या मुलाचा हंगाम कापसाचा नसतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांची धास्ती वस्तीतून गेली नाही. जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, राहण्याचा पुरावा नाही. शाळेत नाव घालायला कागद लागत नाही असे नियम सांगतो. पुढे प्रत्येक सवलतीला कागद लागतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी जी आश्रमशाळा उभी केली तिचे नाव त्यांनी ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. स्वतः त्या समाजातल्या शिक्षकाने ती काढली आहे, म्हणून अभ्यासकाने ती जवळून पाहावी. समाजातला माणूस शिक्षक झाला की कोणते प्रश्न वर्गाबाहेरून वर्गात येतात, हे तिथे समजते.

तिसरी गोष्ट घरच्या ज्ञानाची, आणि तिच्यासाठी एक पद्धत हाताशी आहे. अमेरिकेत अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मेक्सिकन वंशाच्या मजूर कुटुंबांत शिक्षक पाहुणे म्हणून गेले, त्यांची कामे पाहिली, आणि घरात ज्ञानाचा केवढा साठा आहे याच्या नोंदी करून त्यांवर पाठ बेतले. विद्यापीठाचे लोक आणि शाळेचे शिक्षक यांनी हे संशोधन बरोबरीने केले. आपल्याकडे ही वाट आणखी सोपी आहे. कोलामाची बांबूची टोपली घ्या. कामट्या किती, उभ्या किती, आडव्या किती, बूड चौकोनी आणि काठ गोल हे कसे साधते? तांड्यावरच्या कशिद्यात धागे मोजून साधलेली सममिती आहे, भूमितीचा अख्खा घटक त्यात बसतो. वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली, ती याच भूमीवर, हातातल्या कामातून विचार शिकवण्यासाठी. सेवाग्रामची आनंद निकेतन ही शाळा २००५पासून तो धागा पुन्हा धरून आहे. यवतमाळहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते. बी.एड.च्या प्रत्येक तुकडीने तसे जाऊन यावे.

अपंग मुलांच्या शिक्षणाला स्वतंत्र, सविस्तर लेखन हवे, इथे ते उरकू नये. एवढेच नोंदवतो की पोडावरच्या कर्णबधिर मुलीच्या वाट्याला दोन्ही अडचणी एकदम येतात : विशेष शिक्षक गट साधन केंद्रावरून ठरलेल्या दिवशी येतात आणि मराठीतून बोलतात, घरी सगळे कोलामीत. अशी मुले एकाच रकान्यात मोजली जातात आणि दुसऱ्या रकान्यातून निसटतात.

वाचनशिक्षणावर मराठीत आता भक्कम संशोधन उपलब्ध आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११पासून काही वर्षे पालघरच्या वाडा भागात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिली ते तिसरी असा माग ठेवला. अक्षरे आणि बाराखडी घोकण्यात वेळ जातो, अर्थ समजून वाचणे आणि स्वतःचे लिहिणे मागे पडते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. वाड्यातच नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आश्रमशाळांत काम करते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाचा स्वतंत्र कार्यक्रम घडवला. नव्या अभ्यासकाने या तिन्ही कामांपासून सुरुवात केली तर पुष्कळ श्रम वाचतील. त्यांतले मराठीवरचे सगळे काम पश्चिम महाराष्ट्रात आणि सह्याद्रीच्या उतारावर झाले आहे. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची मराठी वाचण्याची वाट तशीच असते का, हे इथेच तपासावे लागेल.

नवोपक्रम या नावाखाली आज पडदे, टॅबलेट आणि अॅप यांची रेलचेल आहे. त्यांच्याशी माझे वैर नाही. पोडावरच्या आजीने सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवायला फोन उत्तम, आणि तीच गोष्ट पुढे कोलामी-मराठी दोन ओळींत लिहून काढायलाही. पण उपकरण मुलाला ओळखत नाही. ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हातात ते आले तरच उपयोगी पडते. शिक्षकाची तीन-चार वर्षांनी बदली होते, त्याला कोलामी येऊ लागते तोवर आदेश निघतो; मग त्याने जमवलेले सगळे शब्द, सगळ्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि महाविद्यालयांनी अशा नोंदी जपण्याची व्यवस्था केली, एका शिक्षकाची वही पुढच्याच्या हाती गेली, तर तो माझ्या लेखी कोणत्याही पडद्याहून मोठा नवोपक्रम ठरेल.

संशोधकांना एक विनंती आहे. पोडावर प्रश्नावली घेऊन जाणारे आजवर पुष्कळ झाले, परत जाऊन काय सापडले ते सांगणारे थोडे. तुमचा निष्कर्ष त्या वस्तीला समजेल अशा भाषेत, तिथेच बसून, आधी सांगा. जो शिक्षक तुम्हाला वर्ग उघडून देतो त्याचे नाव लेखक म्हणून यावे, आभाराच्या ओळीत नव्हे. कोलामी बोलणारी तरुण मुले-मुली आता बारावी, पदवी होऊन घरी आहेत. दुभाष्याच्या मानधनावर त्यांना ठेवू नका, सहसंशोधक करा.

सुरुवात लहान असू द्या. एक शाळा, एक वर्ग, जूनपासून मार्चपर्यंतचा एक हंगाम. कोण कधी बोलले, कोणत्या भाषेत, कोणते मूल कोणत्या आठवड्यापासून गप्प झाले आणि कशाने पुन्हा बोलू लागले, एवढ्या नोंदी ठेवल्या तरी या विषयावरचा पहिल्या प्रतीचा निबंध तयार होईल. मारेगावच्या एखाद्या बाईंनी, दिग्रसच्या एखाद्या गुरुजींनी तो लिहावा, आणि जिथे माझी मांडणी त्यांच्या वर्गाशी जुळत नाही तिथे ती खोडून काढावी.